विद्युत्-उपकरणांचे गूढ वर्तन

सृष्टीत विनाकारण काही घडत नाही, हे तत्त्व पदार्थविज्ञानाच्या आरंभीच आपण शिकतो. परंतु मध्यरात्री पंखा आपोआप फिरू लागला, बटण बंद केल्यावरही दिवा मंद तेवत राहिला, अथवा दारात कोणी नसता घंटा वाजली, म्हणजे पाठ केलेले ते तत्त्व ऐन वेळी आठवतेच असे नाही. “घरात कायतरी आसा,” हे उद्गार आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर अशा प्रसंगी आजही सहज ऐकू येतात. मग कोणी देवचाराला गाऱ्हाणे घालतो, कोणी शेजाऱ्याने करणी केली म्हणून आळ घेतो. याच्या उलट स्वतःस सुशिक्षित समजणारा गृहस्थ “यंत्रच तसले आहे,” असे म्हणून कूस बदलून झोपी जातो. वरवर पाहता हे दोघे परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः दोघांचीही चूक एकच आहे. यंत्राने दिलेली सूचना दोघांपैकी कोणीच वाचलेली नसते.

विद्यार्थिमित्रहो, ही सूचना कशी वाचावी, तिच्यातील कोणती निरुपद्रवी व कोणती प्राणघातक, आणि तिचे कारण कोणत्या क्रमाने शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यास लागणारे ज्ञान तुमच्या शालेय पुस्तकाबाहेरचे फारसे नाही.

१. जुनी यंत्रे व नवी यंत्रे

आपल्या आजोबांच्या काळी भिंतीवरचे बटण खाली-वर केले की आत तांब्या-पितळेचे दोन तुकडे परस्परांस चिकटत वा विलग होत. तुकडे विलग झाले म्हणजे मार्ग खंडित झाला व प्रवाह थांबला. असला पंखा आपोआप सुरू होणे जवळजवळ अशक्यच होते.

आजच्या यंत्राची रचना निराळी आहे. दूरनियंत्रकाने, म्हणजे ज्याला आपण ‘रिमोट’ म्हणतो त्याने, चालणारा पंखा, टेलिव्हिजन किंवा वातानुकूलन यंत्र बंद केले, तरी त्याचा एक लहानसा भाग जागाच राहतो. तो अवरक्त किरणांची, रेडिओलहरींची, अथवा बोटाच्या स्पर्शाची वाट पाहत असतो. रिमोट अवरक्त प्रकाशाची उघडझाप सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा या वेगाने करतो आणि तिच्या तुकड्यातुकड्यांनी सांकेतिक आज्ञा पाठवितो. म्हणजे बटण दाबून आपण प्रवाह प्रत्यक्ष तोडीत नाही. आत बसलेल्या कारकुनास ‘तोड’ अशी चिठ्ठी पाठवितो. कारकुनाने चिठ्ठी चुकीची वाचली, अथवा कोणी न पाठविलेली चिठ्ठी त्याच्या हाती आली, म्हणजे यंत्र आपोआप सुरू झाले असे आपणांस वाटते. नव्या यंत्रांच्या बहुतेक लहरीपणाचे बीज येथे आहे.

येथेच एक अगदी साधे कारणही सांगून ठेवतो. वीज गेलेली असताना दिवा लागतो का म्हणून आपण बटण दाबून पाहतो आणि तसेच विसरतो. रात्री दोन वाजता वीज येते, आणि दिवा, पंखा व टेलिव्हिजन एकदम जागे होतात. शिवाय वीज परत येताच स्वतः सुरू व्हावे, अशीच काही यंत्रांची योजना असते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे पडून व खांब मोडून सिंधुदुर्गातील अनेक गावे अंधारात बुडाली होती. अशा दीर्घ अंधारानंतर कोणत्या घरातील कोणते बटण कोणत्या स्थितीत राहिले असेल, याचा नेम नसतो. म्हणून घटना घडण्यापूर्वी वीज गेली होती काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.

२. मीठ, दव आणि रात्र

आपल्या किनाऱ्यावरील यंत्रांना एक खास रोग जडतो. त्याचे नाव मीठ.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटून उडालेले सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर माडांच्या बागांतून घरात शिरतात. त्यांतील पाणी आटते आणि क्षार मागे उरतो. खिडकीच्या गजांवर हात फिरविल्यास तो हातास लागतो. तोच क्षार टेलिव्हिजनच्या व पंख्याच्या आतील पट्टीवरही बसतो. त्या पट्टीवर तांब्याच्या रेषा एकमेकींपासून मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी, अंतरावर असतात.

कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. ओले मीठ उत्तम वाहून नेते. मीठ ओले केव्हा होते, हे स्वयंपाकघरातील बरणीला विचारा. पावसाळ्यात खडेमिठास पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ हवेतील बाष्प ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर सुमारे ३३ टक्क्यांवरच ओलावा धरते. ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेथील रास केवळ हवेनेही का ओलावते, याचेही उत्तर हेच.

आता एक गणित पाहू. दुपारी तापमान ३२ अंश व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे असे समजा. रात्री तापमान २६ अंशांवर आले. हवेतील बाष्प तेवढेच राहिले. मात्र थंड हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती कमी झाल्यामुळे सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्के होते. म्हणजे दुपारी शुद्ध मिठाच्या मर्यादेखाली असलेली हवा रात्री त्या मर्यादेपलीकडे जाते. दिवसा निमूट असलेला क्षाराचा थर रात्री ओला होऊन दोन रेषांमध्ये चोरवाट उघडतो. तीतून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो. दिवा लावण्यास तो पुरणार नाही. परंतु वर सांगितलेल्या कारकुनास चुकीची चिठ्ठी देण्यास तो पुरेसा होतो. सकाळी ऊन चढले की ओलावा उडतो, वाट मिटते, आणि यंत्र शहाण्यासारखे वागू लागते.

भुते रात्रीच का फिरतात, या जुन्या प्रश्नाचे निदान विद्युत्-उपकरणांपुरते तरी हे उत्तर आहे. बिघडलेले यंत्र दुकानात नेले की ठणठणीत चालते आणि घरी आणताच पुन्हा बिघडते, या सर्वांच्या अनुभवाचा उलगडाही यातच होतो. दुकानदार ते दुपारी, कोरड्या जागी व काही वेळ चालवून तापल्यावर पाहतो. म्हणजे रोग अंगात नसतानाच वैद्य नाडी पाहतो. अशा दुरुस्तीस यंत्र देताना ते केव्हा बिघडते, हे लिहून द्यावे. जाणता कारागीर आतील पट्टी योग्य द्रावणाने धुऊन, पूर्ण वाळवून तिच्यावर संरक्षक रोगणाचा लेप देतो.

हाच खेळ मोठ्या प्रमाणावर विजेच्या खांबांवरही चालतो. पावसाळा संपल्यापासून वैशाखापर्यंत चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर खारी धूळ साचत राहते. मृगाच्या आधीची पहिली झिमझिम होते, धूळ भिजते पण धुऊन जात नाही, आणि खांबावर निळसर ठिणग्या व चरचर सुरू होते. पुढे पावसाची मोठी सर येऊन इन्सुलेटर स्वच्छ धुते व चरचर थांबते. खांबावरची निळी ज्योत पाहून भिण्याचे कारण नाही. मात्र तिच्याखाली उभे राहू नये आणि वीज मंडळींना कळवावे.

रात्री उबेसाठी पाण्याच्या पंपाच्या पेटीत शिरणारी पाल व बटणाच्या खोक्यात वारूळ करू पाहणाऱ्या मुंग्या हीदेखील या भागातील नित्याची कारणे होत. त्यांना अधिक शब्द खर्चण्याची गरज नाही.

३. विझवूनही न विझणारा दिवा

एल.ई.डी. दिवा बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणत राहतो, ही तक्रार आता घरोघर आहे. जुन्या तारेच्या दिव्याची तार लाल होण्यास पुष्कळ प्रवाह लागे. एल.ई.डी.ला मात्र अँपियरच्या हजाराव्या भागाहून कमी प्रवाहही दिसण्याजोगा उजेड देण्यास पुरतो. भिंतीत दोन तारा लांबवर एकमेकींस लागून गेल्या असल्या, म्हणजे त्या संधारित्राच्या, अर्थात कपॅसिटरच्या, दोन पट्ट्यांप्रमाणे वागतात. एकीतील प्रत्यावर्ती वीज दुसरीत किंचित उतरते. बटणात लहान सूचकदिवा असल्यास त्याच्यातूनही थोडा प्रवाह जातो. ही दोन्ही कारणे बहुधा निरुपद्रवी असतात.

तिसरे कारण मात्र निरुपद्रवी नाही. घराची जोडणी करताना बटण फेजच्या तारेत घालण्याऐवजी चुकून न्यूट्रलच्या तारेत घातलेले असते. अशा वेळी बटण बंद केल्यावर दिवा विझल्यासारखा दिसतो. पण त्याच्या खाचेत पूर्ण दाब तसाच उभा असतो. ‘बटण बंद आहे’ या भरवशावर दिवा बदलावयास स्टुलावर चढलेल्या माणसाच्या बोटांस तो सापडतो. ज्या मिणमिणत्या दिव्यास कोणी भूत म्हणतो आणि कोणी क्षुल्लक म्हणतो, तो येथे जीव वाचविणारी सूचना देत असतो. म्हणून असा दिवा आढळल्यास परवानाधारक वायरमनकडून बटण कोणत्या तारेत आहे, एवढे अवश्य तपासून घ्यावे.

४. न्यूट्रल तुटली म्हणजे

कधी कधी गावात विलक्षण दृश्य दिसते. एका घरातील दिवे डोळे दिपविण्याइतके प्रखर होतात, त्याच क्षणी शेजारच्या घरात इस्त्री तापत नाही व पंखा रेंगाळतो. काही मिनिटांत पहिल्या घरातील टेलिव्हिजनमधून धूर येतो.

याचे कारण समजण्यास ओहमचा नियम पुरे आहे. खांबावरून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट, तर दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. दोन शेजारी घरे दोन निराळ्या फेजवर असून त्यांची न्यूट्रल एकच आहे, आणि ती खांबाकडील बाजूस गंजून तुटली, अशी कल्पना करा. आता दोन्ही घरांतील उपकरणे एकापुढे एक अशी जोडली जाऊन त्या साखळीवर ४०० व्होल्टांचा दाब पडतो.

समजा, पहिल्या घरात ६० वॉटचा तारेचा दिवा व दुसऱ्या घरात १००० वॉटची इस्त्री एवढेच सुरू आहे. दिव्याचा रोध २३० × २३० ÷ ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. इस्त्रीचा रोध २३० × २३० ÷ १०००, म्हणजे सुमारे ५३ ओहम. एकूण ९३५ ओहम. प्रवाह ४०० ÷ ९३५, म्हणजे सुमारे ०.४३ अँपियर. यावरून दिव्यावर सुमारे ३७७ व्होल्ट येतात आणि इस्त्रीच्या वाट्यास केवळ २३. (दिवा प्रखर झाला म्हणजे त्याचा रोध काहीसा बदलतो, पण निष्कर्ष बदलत नाही.) दुबळ्या उपकरणावर सर्व भार पडतो आणि बलवान उपकरण उपाशी राहते.

किनाऱ्यावरील खारी हवा तारांच्या जोडांना लवकर गंज आणते. त्यामुळे हा दोष आपणांकडे विशेष लक्षात ठेवावयास हवा. खूण अशी : एखादे मोठे यंत्र सुरू होताच घरातील दिवे मंद होण्याऐवजी अधिक उजळतात. ही खूण दिसताच विचार करीत बसू नये. मुख्य बटण बंद करावे, शेजाऱ्यांना हाक मारून तसेच करावयास सांगावे, आणि १९१२ या क्रमांकावर अथवा जवळच्या वीज कार्यालयास कळवावे.

५. शेजारचे यंत्र आणि दूरचे केंद्र

यंत्राच्या विचित्र वागण्याचे कारण पुष्कळदा त्या घरात नसतेच. तारेवाचून चालणारी दाराची घंटा रेडिओलहरींनी वाजते. तिच्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झ ही लहर सर्रास वापरली जाते आणि स्वस्त घंटांत सांकेतिक क्रमांक फार थोडे असतात. दोन घरांनी एकाच बनावटीच्या घंटा आणल्या, म्हणजे गडग्यापलीकडच्या घरी पाहुणा आला असता अलीकडच्या घराची घंटा वाजते.

वेल्समधील अ‍ॅबरहोसन या खेड्याची हकीकत २०२० साली प्रसिद्ध झाली. तेथे रोज सकाळी सात वाजता साऱ्या गावाचे इंटरनेट कोलमडत असे. तारा बदलल्या, तरी उपयोग झाला नाही. असे सुमारे अठरा महिने चालले. शेवटी अभियंते लहरी मोजण्याचे यंत्र घेऊन पहाटे सहापासून गावातून हिंडले. सात वाजता एका घरातून विद्युत्-कोलाहल उसळला. त्या घरी सकाळी लावला जाणारा जुना टेलिव्हिजन हे सर्व करीत होता. मालकास त्याची कल्पनाही नव्हती. कळताच त्याने तो संच वापरणे बंद केले.

आपल्या महाराष्ट्रातही याचे मोठे उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकणे हे तिचे काम. तेथील शास्त्रज्ञांना त्रास देणाऱ्या गोष्टींत विजेच्या तारांवरील ठिणग्या आणि टेलिव्हिजनच्या अँटेनावर बसविलेले बिघडलेले बूस्टर यांची गणना झाली आहे. बूस्टरचे काम आलेली क्षीण लहर मोठी करण्याचे. पण दोष उत्पन्न झाला की तो स्वतःच लहरी सोडू लागतो. ऐकावयास बसविलेला नोकर ओरडू लागावा, तसा हा प्रकार आहे. ज्याच्या छपरावर तो असतो, त्यास याचा पत्ताही नसतो.

क्वचित कारण शेकडो मैल दूर असते. मध्यम लहरींवरील दूरची केंद्रे रात्री स्पष्ट ऐकू येतात, कारण सूर्यास्तानंतर वातावरणातील लहरी गिळणारा आयनांचा खालचा थर नाहीसा होतो व त्यावरील थरावरून लहरी परावर्तित होऊन पोहोचतात. आखूड लहरींची गोष्ट निराळी. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रावर खाली गार व दमट, वर उष्ण व कोरडी अशी हवेची दोन पटले बनतात. त्यांच्यामध्ये आखूड लहरी नळीतून पाणी जावे तशा सापडतात आणि पृथ्वीच्या वक्रतेस न जुमानता दूर जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या रडार यंत्रास उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा हजार मैलांहून अधिक अंतरावरून ‘दिसल्याची’ नोंद आहे. तेव्हा मे महिन्यातील एखाद्या संध्याकाळी रेडिओवर नेहमीच्या केंद्राच्या जागी अनोळखी भाषेतील गाणे लागले, तर दार लावून न घेता आकाशाकडे व दिनदर्शिकेकडे पाहावे.

६. झिणझिण्या आणि पहारेकरी

आतापर्यंतचे काही प्रकार कौतुकाचे होते. यापुढील प्रकार कौतुकाचा नाही. शीतकपाटास, संगणकाच्या धातूच्या पेटीस अथवा नळास हात लावताच झिणझिण्या येतात. कधी येतात, कधी येत नाहीत. चप्पल घातली की थांबतात. पुष्कळ घरांत “ते थोडे मारते, हात जपून लाव,” असे सांगून मुले वाढविली जातात.

संगणकासारख्या यंत्रांत गोंगाट गाळण्यासाठी बसविलेल्या कपॅसिटरमुळे अर्थिंग नसल्यास पेटीवर निम्मा दाब, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, दिसू शकतो. त्यातून मिळणारा प्रवाह अत्यल्प असतो. परंतु आतील तार सोलवटून पेटीस टेकली असेल, तर आरंभी तीही तशाच झिणझिण्या देते. या दोहोंतील भेद बोटाने ओळखता येत नाही. टेस्टरनेही येत नाही. कारण टेस्टरमधील निऑनचा दिवा क्षीण प्रवाहानेही उजळतो. भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टांस ०.२३ अँपियर प्रवाह वाहील. हृदयाची गती बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

झिणझिण्यांचा खरा अर्थ हा की, अर्थिंग आपले काम करीत नाही. आपल्याकडे त्याचे कारण पायाखालीच आहे. जांभा दगड व जांभ्याची माती कोरडी झाली म्हणजे विजेस मोठा अडथळा करते. श्रावणात उत्तम चाललेले अर्थिंग चैत्र-वैशाखात निकामी होऊ शकते. पुळणीच्या जवळ माती ओली व खारी असते. तेथे वीज सहज जाते, परंतु जमिनीत पुरलेले लोखंड गंजून संपते. म्हणून अर्थिंग एकदा पुरले की कायमचे झाले, असे समजू नये. दर उन्हाळ्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, वायरमनकडून त्याचे मापन करून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरांत मीटरजवळ आर.सी.सी.बी. नावाचे संरक्षक बटण बसविलेले असते. घरात गेलेली वीज व परत आलेली वीज यांची ते सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोणत्यातरी आडवाटेने, कदाचित एखाद्या माणसाच्या देहातून, जमिनीत जात आहे, असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते.

पावसाळ्यात हे बटण “विनाकारण” पडते, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. मध्यरात्री पडते, पहाटे पडते, पुन्हा वर केले की तासाभराने पडते. कारण दिसत नाही. मग कंटाळलेला गृहस्थ कोणाकडून तरी ते बटण काढवितो अथवा बगल देऊन तार सरळ जोडवितो. घर शांत होते. पण दुसऱ्या भागातील मीठ व दव आठवा. ते बटण विनाकारण पडत नव्हते. न्हाणीघरातील पाणी तापविण्याचे यंत्र, विहिरीवरील पंप अथवा अंगणातील भिजलेला जोड यांपैकी कोठेतरी वीज झिरपत होती, आणि पहारेकरी हाक मारीत होता. रात्री भुंकतो म्हणून इमानी कुत्र्यास मारावे, तशी ही कृती होय. कुत्रा गप्प होतो. चोर तेथेच असतो.

७. शोधाची रीत

गूढ वर्तनाचा शोध पुढील क्रमाने करावा.

प्रथम सुरक्षितता. झिणझिण्या, जळका वास, ठिणगी, तापलेले बटण किंवा एकाएकी उजळणारे दिवे यांपैकी काही असल्यास मुख्य बटण बंद करून जाणत्यास बोलवावे. विद्यार्थ्यांनी कोणतेही यंत्र उघडू नये. टेलिव्हिजन व मायक्रोवेव्ह यांत तर तार काढल्यावरही साठलेली वीज राहू शकते.

दुसरे, नोंद. एका वहीत तारीख, वेळ, पाऊस वा ऊन, त्या वेळी सुरू असलेली इतर यंत्रे, आणि वीज नुकतीच गेली-आली होती काय, हे लिहावे. सात-आठ नोंदी झाल्या की त्यांतून बहुधा कारणाचा माग लागतो. अ‍ॅबरहोसनचे कोडे ‘सकाळी सात’ या एका नोंदीनेच सुटले.

तिसरे, व्याप्ती. एकच यंत्र विचित्र वागते, एका खोलीतील सर्व, साऱ्या घरातील, की शेजारीही तेच घडते? पहिल्यात दोष यंत्राचा, मधल्यांत घरातील तारांचा, शेवटच्यात बाहेरचा, असे सामान्यतः समजावे.

चौथे, एका वेळी एकच बदल. सर्व यंत्रांच्या पिना काढून एकेक पुन्हा लावावी. जे लावताच संरक्षक बटण पडेल, तोच अपराधी. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर दोष जातो. पण ज्ञान मिळत नाही.

या रीतीत माणसांवर संशय घेण्याची पायरी नाही, हे ध्यानात आले असेल. आपल्या महाराष्ट्रात ‘भानामती’ या नावाखाली घरावर दगड पडणे, कपडे पेटणे इत्यादी प्रकारांनी अनेक कुटुंबे होरपळली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक प्रकरणांचा शोध घेऊन त्यांमागे मनुष्याचाच हात असल्याचे दाखवून दिले. विजेच्या यंत्रांच्या लहरीपणामागे तर बहुधा तेवढाही हात नसतो. असते ते चिमूटभर मीठ, सैल झालेली तार, अथवा शेजाऱ्याची अजाण घंटा. अशा कारणावरून घरातील सुनेस अपशकुनी ठरविणे किंवा एखाद्या वृद्धेवर करणीचा आळ घालणे हा घोर अन्याय आहे. करणीचा आळ घेऊन कोणास छळणे अथवा भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, हे २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हेही ठरविलेले आहेत.

सारांश, यंत्रास लहर नसते. त्यास कारण असते. ते कारण शोधण्यास धैर्य फार लागत नाही, वही व सबुरी लागते. उद्या तुमच्या घरातील दिवा मध्यरात्री आपोआप लागला, तर घाबरू नका व हसूही नका. घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा, आणि सकाळी वडीलधाऱ्यांस दाखवा. त्या एका ओळीने एखाद्या निरपराध माणसावरील आळ टळेल, अथवा एखाद्याचा जीवही वाचेल.

स्वाध्याय

१. हवेतील बाष्प न बदलता केवळ तापमान उतरल्याने सापेक्ष आर्द्रता का वाढते?

२. तुटलेल्या न्यूट्रलच्या उदाहरणात इस्त्रीऐवजी ५०० वॉटचे उपकरण असल्यास दिव्यावर किती व्होल्ट येतील, ते काढा.

३. आपल्या घरी आर.सी.सी.बी. आहे काय, व त्यावरील परीक्षणाचे बटण मोठ्यांनी दाबल्यास ते पडते काय, हे वडीलधाऱ्यांच्या देखत पाहून लिहा.

४. घरातील एखाद्या यंत्राच्या विचित्र वर्तनाची आठ दिवस नोंद ठेवा. कारण सुचल्यास ते लिहा. पण त्यासाठी यंत्र उघडू नका.